तगादा आणि पाठपुरावा

तगादा कसा करावा, हे आपल्या व्यापारी घरांत कोणाला शिकवावे लागत नाही. दुकानाच्या ओट्यावर वाढलेल्या मुलाला आठव्या-नवव्या वर्षीच ठाऊक असते, की कोणत्या गिऱ्हाइकाकडे बाजाराच्या दिवशी जायचे, कोणाला ‘काका, बाबांनी विचारले आहे’ एवढे म्हटले तरी पुरते आणि कोणाच्या दारात पाच मिनिटे नुसते उभे राहावे लागते. उधारी मागताना आपल्याला संकोच वाटत नाही. ती रक्कम आपली आहे, वहीत तिची नोंद आहे, आणि नोंद असलेल्या पैशासाठी चार वेळा जाण्यात कमीपणा नाही, ही आपली पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत आहे.

याच घरांतली मुले-मुली आता दुकानाबाहेर पडून स्वतःच्या कौशल्यावर व्यवसाय करू लागली आहेत. कोणी वेष्टनांची रचना करतो, कोणी संकेतस्थळे बांधतो, कोणी घरसजावटीचे आराखडे काढते, कोणी लहान दुकानांचे हिशेब घरी बसून सांभाळते. त्यांना फ्रीलान्सर म्हणण्याची पद्धत पडली आहे. या व्यवसायात तगाद्याचा वारसा उपयोगी पडत नाही, कारण इथे अजून काही येणे निघालेले नसते. मागायचे असते ते काम. आणि काम मागायला दुसऱ्यांदा जायचे म्हटले, की याच मुलांचे पाय जड होतात. एकदा कोटेशन दिले, आता त्यांना हवे असेल तर ते बोलावतील, असे म्हणून ती घरी बसतात. ‘मागे लागणे’ हा शब्दप्रयोग आपण मराठीत निंदेच्याच अर्थाने वापरतो, त्याचाही हा परिणाम असावा.

जळगावातील एका परिचित कुटुंबातील मुलगी पुण्याची नोकरी सोडून घरी आली आणि तिने डाळी, मसाले, पापड यांच्या पिशव्या व खोकी यांची रचना करून देण्याचे काम सुरू केले. डाळमिलांच्या गावात ही निवड शहाणपणाची होती. सहा महिन्यांनी तिचे वडील तिला घेऊन माझ्याकडे आले. पुन्हा पुण्याला नोकरीसाठी अर्ज करावा की काय, असा प्रश्न होता; आणि वडिलांच्या मनात त्यामागे दुसराही प्रश्न होता, तो म्हणजे मुलीच्या या धंद्यात आणखी किती पैसे घालावेत. तिची वही मी पाहिली. अकरा कोटेशने होती. दोन ठिकाणी काम मिळाले होते. उरलेल्या नऊ नावांपुढे तिने लाल शाईने ‘नकार’ लिहिले होते.

‘नकार कोणी दिला?’ मी विचारले.

‘एकाने दिला, काका. बाकीच्यांनी उत्तरच दिले नाही.’

म्हणजे नकार एक होता आणि मौने आठ होती. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना करार कायदा शिकवताना १८६२ सालचा एक इंग्लिश खटला हमखास सांगितला जातो. फेल्टहाउस नावाच्या गृहस्थाने आपल्या पुतण्याचा घोडा विकत घ्यायचे ठरवले आणि त्याला पत्र लिहिले, की तुझ्याकडून काही कळले नाही तर घोडा माझा झाला असे मी समजेन. पुतण्याने उत्तर पाठवले नाही. पुढे लिलाव करणाऱ्याच्या हातून तो घोडा चुकून विकला गेला आणि काका न्यायालयात गेले. न्यायालयाने त्यांचा दावा मानला नाही. समोरच्याच्या गप्प राहण्यातून त्याची संमती गृहीत धरता येत नाही, असे ठरले. ‘मौनं संमतिलक्षणम्’ हे घरगुती व्यवहारात चालते, करारात चालत नाही. पण मला त्या मुलीला या सूत्राची दुसरी बाजू सांगायची होती. मौन ही जशी संमती नव्हे, तसा तो नकारही नव्हे. तिने मात्र कोणी न दिलेले आठ नकार स्वतःच्या हाताने वहीत चढवले होते, आणि त्या नोंदीवरून ती आपला व्यवसाय बंद करायला निघाली होती.

बँकेतील माझी बरीच वर्षे टेबलाच्या त्या बाजूला गेली, जिकडून उत्तर यायचे असते. त्यामुळे उत्तर का येत नाही हे थोडेबहुत सांगू शकतो. कर्जाचा प्रस्ताव टेबलावर पडून असतो, तो बहुतेक वेळा अर्जदारावर राग असतो म्हणून नव्हे. एखादा कागद कमी असतो. किंवा रक्कम शाखेच्या अधिकारापलीकडची असते, प्रस्ताव विभागीय कार्यालयात गेलेला असतो, आणि अर्जदार मात्र शाखेतल्या कारकुनावर चिडत असतो. किंवा मार्चअखेर असते आणि कोणालाच मान वर करायला फुरसत नसते. रोज येऊन ‘झाले का?’ विचारणारे ग्राहक आम्ही पाहिले, आणि एकदाच अर्ज देऊन रुसून घरी बसणारेही पाहिले. काम पुढे सरके ते तिसऱ्या प्रकारच्या ग्राहकाचे. तो विचारी, ‘साहेब, माझ्याकडून काही राहिले आहे का?’ आणि जे राहिले असेल ते दुसऱ्या दिवशी आणून देई. त्याचे येणे कोणाला जाचक वाटत नसे, कारण त्याच्या येण्याने आमचेच काम हलके होत असे.

आपल्या पेढ्यांवरही हेच घडते. एकत्र कुटुंबाच्या व्यवसायात धाकट्या मुलाला नवी पिशवी, नवे संकेतस्थळ आवडते. तोच फोन करतो, तोच कोटेशन मागवतो. पण तिजोरीची किल्ली मोठ्या भावाकडे असते आणि मोठ्या भावाच्या मनात अजून वडिलांची जुनी छापाची पिशवी असते. धाकटा ‘विचारून सांगतो’ म्हणतो, घरात विषय निघत नाही, आणि मग संकोचाने तो फोन उचलायचे टाळतो. यात काम आवडले नाही असे कुठेच नाही. अशा वेळी पाठपुराव्याचा फोन त्याच मुलाला चौथ्यांदा करण्यापेक्षा, ‘मोठ्या भाऊंना पाहता येईल असा एक नमुना छापून आणून देऊ का? दहा मिनिटे पेढीवर येऊन जाईन,’ असे विचारणे बरे. निर्णय ज्याच्या हातात आहे त्याच्यापर्यंत वस्तू पोहोचली पाहिजे.

दुसरे कारण हंगामाचे. हे खान्देशात राहून आपल्या मुलांना कळू नये, याचे मला आश्चर्य वाटते. जिनिंगवाल्याला दसऱ्यानंतर कापसाची आवक सुरू झाल्यापासून पुढचे काही महिने कोणत्याही सुंदर चित्रात रस नसतो. त्याचे लक्ष गाड्या, ओलावा आणि दर यांत असते. तूर जानेवारी-फेब्रुवारीत येते, पाठोपाठ हरभरा. त्या दिवसांत डाळमिलवाल्याची खेळती रक्कम मालात अडकलेली असते. सराफाला धनत्रयोदशी, लग्नसराई आणि अक्षय्य तृतीया, म्हणजे आपली आखाजी, यांच्या तोंडावर भेटू नये; त्याच्या महिना-दीड महिना आधी भेटावे. बी-बियाणे आणि खतांच्या दुकानदाराला मे-जूनमध्ये श्वास घ्यायला वेळ नसतो. सनदी लेखापालांच्या कार्यालयांत विवरणपत्रांच्या आणि लेखापरीक्षणाच्या मुदती जवळ आल्या की बाहेरच्या माणसाने पाऊल टाकू नये. ‘दिवाळीनंतर बघू’ हे वाक्य नोकरदाराच्या तोंडी टाळाटाळीचे असेल, पण व्यापाऱ्याच्या तोंडी ते पुष्कळदा अक्षरशः खरे असते. ते वहीत तारखेसह लिहून ठेवावे आणि दिवाळीनंतर, लाभपंचमी झाल्यावर, खरोखरच फोन करावा. बहुतेक जण करत नाहीत, म्हणून जो करतो तो लक्षात राहतो.

वेळेचा विचार दिवसापुरताही करावा लागतो. दुकान उघडल्यावर भवानी व्हायच्या आत काही मागायला येणारा माणूस कोणत्याही व्यापाऱ्याला आवडत नाही. दाणाबाजारात दुपारची जेवणे झाल्यावरचा तासभर बरा. नुसता संदेश पाठवून त्याच्यापुढे दोन निळ्या खुणा उमटल्या, की ‘वाचले आणि दुर्लक्ष केले’ असा अर्थ ही मुले काढतात. पेढीवरच्या माणसाने तो संदेश ट्रकमधून पोती उतरवून घेताना उघडलेला असतो आणि पुढच्या मिनिटाला तो विसरलेला असतो. व्यापारी माणूस आवाजावर आणि चेहऱ्यावर विश्वास ठेवतो. जळगावहून धुळ्याला एका ग्राहकासाठी नव्वद किलोमीटर जाणे परवडत नसेल, तर आग्रा रोडवरच्या आणखी दोन जुन्या कोटेशनवाल्यांना आदल्या दिवशी कळवून त्याच खेपेत भेटावे.

आता खरा प्रश्न असा, की भेटून बोलायचे काय? ‘सहज विचारायला फोन केला’ हे पाठपुराव्याचे सर्वांत दुबळे वाक्य आहे. ते ऐकणाऱ्याला फक्त आपल्या गरजेची आठवण करून देते. या बाबतीत मला आपल्या बाजारातला जुना दलाल आदर्श वाटतो. दलाल हाही एका अर्थी फ्रीलान्सरच. पगार नाही, गादी नाही, सौदा झाला तर दलाली, नाही तर चपला झिजल्या. पण तो पेढीवर कधी रिकाम्या हाताने येत नसे. त्याच्या खिशात कागदाच्या पुडीत मालाचा नमुना असे आणि तोंडी अकोल्याचा, लातूरचा, इंदूरचा सकाळचा भाव असे. शेठजींनी आज सौदा केला नाही तरी त्यांना बातमी मिळे, आणि उद्या तो आला तर त्याला बसायला सांगत. नव्या जमान्यात भाव मोबाइलवर दिसू लागले, पण रिकाम्या हाताने न जाण्याची रीत त्यामुळे रद्द झालेली नाही.

त्या मुलीच्या बाबतीत हा विचार आम्ही असा लावला. आवेष्टित मालाच्या पिशवीवर पॅकिंग करणाराचे नाव-पत्ता, निव्वळ वजन, महिना व वर्ष, किरकोळ किंमत आणि ग्राहकाने तक्रार कोठे करावी याचा तपशील असावा लागतो. वैधमापन कायद्याखालील २०११ च्या नियमांत हे आहे. तिने आठही जणांच्या बाजारातल्या पिशव्या विकत आणल्या आणि वाचल्या. दोन पिशव्यांवर तक्रारीसाठी दूरध्वनी क्रमांकच नव्हता. एकीवर वजनाचे आकडे इतके बारीक, की भिंग लागावे. तिने त्या मालकांना फोन करून आपल्या कोटेशनचा उल्लेखही न करता एवढेच सांगितले, की छपाईची पुढची खेप काढण्यापूर्वी हे दुरुस्त करून घ्या. एकाने आभार मानून फोन ठेवला. दुसऱ्याने विचारले, ‘तुम्हीच ना मागे कोटेशन दिले होते?’ ते काम तिला मिळाले. उरलेल्यांपैकी एकाने तूर संपल्यावर बोलवतो म्हटले, एकाने काम पुतण्याला दिल्याचे मोकळेपणाने सांगितले, आणि काहींनी आजवर उत्तर दिलेले नाही. अर्ज पुण्याला गेला नाही, इतकेच तूर्त म्हणता येईल. अकरात तीन कामे ही काही फार मोठी कमाई नव्हे, पण लाल शाईच्या नोंदी तरी खोडल्या गेल्या.

या पाठपुराव्यात एक प्रमाद मात्र मी वारंवार पाहतो. उत्तर आले नाही की मुले घाबरून आपणहून भाव उतरवतात. समोरच्याने घासाघीस केलेली नसते, तरी दुसऱ्या संदेशात वीस टक्के सूट जाहीर होते. व्यापाऱ्याच्या मनात लगेच येते, की मग पहिला भाव वीस टक्के फुगवलेला होता. आणि थांबलो तर तिसऱ्या संदेशात आणखी उतरेल. भाव कमी करायचाच असेल तर कामही त्या प्रमाणात कमी करून दाखवावे. त्याऐवजी कोटेशनवर मुदत लिहावी, जशी बँकेच्या मंजुरीपत्रावर असते. १८७२ च्या भारतीय करार कायद्याप्रमाणे मुदत लिहिलेली असेल तर ती उलटताच प्रस्ताव संपतो, आणि लिहिलेली नसेल तर वाजवी काळ गेल्यावर संपतो. हा ‘वाजवी काळ’ किती, यावर वाद घालण्यापेक्षा तारीख लिहिलेली बरी. त्या तारखेच्या दोन दिवस आधी फोन करायला आपसूक निमित्त मिळते. मात्र मुदत खरी असावी. कागदाचा दर बदलणार आहे किंवा पुढचा महिना दुसऱ्या कामाला दिला आहे, असे कारण असावे. ‘आज शेवटचा दिवस’ अशी दुकानी पाटी नसावी.

आणखी एक, थोडे अप्रिय वाटेल असे. संवत्सरीच्या दिवशी ‘मिच्छामि दुक्कडम्’ लिहून त्याखाली आपल्या सेवांची यादी व दरपत्रक जोडलेले संदेश मला दरवर्षी येतात. क्षमा मागण्याच्या दिवशी तरी ग्राहक शोधू नये. पर्युषणाचे आठ दिवस आणि दशलक्षणाचे दहा दिवस ही वही मिटून ठेवली तर कोणाचेही नुकसान होत नाही, आणि ज्यांना काम मागायचे तेही त्या दिवसांत पेढीवर नसतातच.

चिकाटीचा विषय निघाला की जळगावात भवरलालजी जैन यांचे नाव येणारच. जामनेर तालुक्यातील वाकोदचा हा तरुण सरकारी अधिकाऱ्याची नोकरी नाकारून १९६३ साली कुटुंबाच्या सात हजार रुपयांच्या बचतीवर केरोसीनच्या विक्रीत उतरला, हे आपल्यापैकी अनेकांना पाठ आहे. मला त्यांच्या पुढच्या काळातील ठिबक सिंचनाचे उदाहरण या विषयाला अधिक जवळचे वाटते. केरोसीन दारात नेले की त्याच क्षणी हो किंवा नाही कळते. ठिबकचे तसे नव्हते. पिढ्यान्‌पिढ्या पाट भरून पाणी देणाऱ्या शेतकऱ्याला थेंबाथेंबाने पाणी देऊन पीक येते, हे बोलून पटणे शक्य नव्हते. ते त्याला शेजारच्या शिवारात एक हंगामभर पाहावे लागे. ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात ज्याने हे विकायला घेतले, त्याला पहिल्या भेटीत होकार मिळणार नाही हे गृहीत धरूनच कामाची आखणी करावी लागली: नमुन्याची शेते उभारणे, शेतकऱ्यांना ती दाखवणे, कृषितज्ज्ञांना बांधावर पाठवणे. केळीच्या या पट्ट्यात आज ठिबक नसलेला बाग विरळा, आणि भवरलालजींना २००८ मध्ये पद्मश्री मिळाली. फ्रीलान्सर मुलांनी यातून एवढेच पाहावे, की आपली वस्तू केरोसीनसारखी आहे की ठिबकसारखी. दिवाळीच्या जाहिरातीचे चित्र केरोसीन आहे. चार दिवसांत उत्तर नाही तर विषय संपला. दुकानाचे सगळे हिशेब संगणकावर नेण्याचे काम ठिबक आहे. तिथे वर्षभराचा पाठपुरावा ही उधळपट्टी नव्हे.

थांबायचे कधी, हेही ठरवलेले असावे. बँकेत आम्ही ‘ड्यू डेट डायरी’ ठेवत असू. कोणती ठेव, कोणती हुंडी, कोणता हप्ता कोणत्या तारखेला पिकतो ते त्या त्या पानावर आगाऊ लिहिलेले असे आणि सकाळी आल्यावर ते पान उघडले की दिवसाचे काम समोर येई. तशी एक साधी वही या मुलांनी ठेवावी: कोणाशी बोललो, तो नेमके काय म्हणाला, आणि पुढची तारीख. ज्या नावापुढे पुढची तारीख लिहिता येत नाही, ते नाव संपले असे समजावे. तीन-चार प्रयत्नांनंतरही तारीख मिळत नसेल तर शेवटचे दोन ओळींचे पत्र पाठवावे, की आपण कामात असाल, हे कोटेशन मी माझ्याकडून बंद करतो, पुढे गरज पडल्यास अवश्य कळवावे. माझा अनुभव असा, की जितकी उत्तरे मधल्या तीन फोनना येत नाहीत तितकी या पत्राला येतात. पत्रात टोमणा मात्र नको. खान्देशातला बाजार लहान आहे. आज गप्प बसलेल्या शेठजींचे व्याही उद्याचे ग्राहक असतात.

काम मिळाल्यावर निम्मी रक्कम विसार म्हणून घ्यावी. एकदा काम पूर्ण होऊन स्वीकारले गेले की कायदा पाठीशी असतो: उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म वा लघु व्यावसायिकाला, लेखी करार असेल तर ठरलेल्या मुदतीत पण जास्तीत जास्त ४५ दिवसांत, आणि करार नसेल तर १५ दिवसांत पैसे मिळाले पाहिजेत, असे २००६ चा कायदा सांगतो. काम मिळण्यापूर्वीच्या मौनावर मात्र कोणताही कायदा नाही.

आणि या मौनाचे मालक, वाचकहो, बहुतांशी आपणच आहोत. कोटेशन मागवणारे आपण, ते गल्ल्याखाली ठेवून विसरणारे आपण. उधारीवाल्याने ‘आज नाही, पंधरा तारखेला’ असे सांगितले तर आपण त्याला सरळ माणूस म्हणतो. तेच सरळ उत्तर समाजातल्याच एका विशीतल्या मुलीला द्यायला मात्र आपल्याला जमत नाही, कारण नाही म्हणणे जिवावर येते. धुळ्यातील एका तेलाच्या व्यापाऱ्यांची पद्धत मी पाहिली आहे. आलेल्या प्रत्येक कोटेशनच्या कोपऱ्यात ते त्याच संध्याकाळी पेन्सिलीने तीनांपैकी एक गोष्ट लिहितात: हो, नाही किंवा तारीख. दुसऱ्या दिवशी मुनीमजी त्याप्रमाणे फोन करतात. एक फोन अर्ध्या मिनिटाचा असतो.